सात महिने वापरलेली 'स्वच्छ' लिपस्टिक आणि तिच्यासोबतचा हायलायटर

दिवाळीच्या सेलमध्ये ही जोडी घेतली होती. आता जून उजाडला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं स्वतःला 'स्वच्छ', म्हणजे प्राण्यांना आणि निसर्गाला न दुखावणारे म्हणवणाऱ्या निम्म्या ब्रँडना लागू पडेल.

आधी वापराचं. लिपस्टिकचा विटकरी रंग सावळ्या चेहऱ्यावर छान खुलतो. सकाळी आठला लावली की अकराच्या चहापर्यंत टिकते, चहानंतर नुसत्या कडा उरतात. मे महिन्यात पर्समध्ये टोक वाकलं, फ्रीजमध्ये ठेवल्यावर ताळ्यावर आली. हायलायटर, म्हणजे गालांवर चमक आणणारं प्रसाधन, मात्र भलताच पुरतो: पाच लग्नं आणि एक डोहाळजेवण झालं, अजून निम्मा शिल्लक आहे.

पण मी जास्तीचे पैसे मोजले ते खोक्यावरच्या शब्दांसाठी.

'क्रुएल्टी फ्री'. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे, त्याच वर्षी तशा मालाची आयातही बंद झाली. मग इथे बनलेल्या लिपस्टिकने हे मिरवायचं म्हणजे दुधाच्या पिशवीवर 'पाणी घातलेलं नाही' असं छापण्यासारखं. कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत जाऊन तपासणारं 'लीपिंग बनी'सारखं, उडी मारणाऱ्या सशाचं चिन्ह असलेलं प्रमाणपत्र असतं तर गोष्ट वेगळी. या खोक्यावर ससा आहे, पण तो कंपनीने स्वतःच काढलेला!

'वीगन', म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं काहीही नाही, या शब्दाला मात्र मी मार्क देईन. एरवी लाल छटांसाठी बऱ्याचदा कार्माइन हे रंगद्रव्य वापरतात, ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. घटकांच्या यादीत ते 'सीआय ७५४७०' या आकड्यामागे लपतं. शेजारच्या जैन काकूंना हे सांगितलं तर त्या लगेच स्वतःच्या दोन लिपस्टिक घेऊन आल्या. एकीवर तो आकडा निघाला. काकू आठवडाभर माझ्याशीच घुश्शात होत्या, जणू किडे मी घातले.

खरी गोम हायलायटरच्या चकाकीत आहे. यादीत 'सीआय ७७०१९' दिसलं, म्हणजे अभ्रक. झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह भागात बंद पडलेल्या खाणींच्या आसपास लोक अभ्रकाचे तुकडे वेचतात; तिकडे त्याला 'ढिबरा' म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलंही असल्याचं वारंवार समोर आलंय. अरुंद बिळं, कोसळणारी माती, आणि माल चार हातांतून फिरला की तो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. यासाठीच २०१७ मध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' (मायका म्हणजे अभ्रक) हा कंपन्या आणि संस्थांचा उपक्रम सुरू झाला. काही कंपन्या प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक वापरतात, यादीत ते 'सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट' असं येतं.

जानेवारीत कंपनीला मेल केला: तुमचं अभ्रक कुठून येतं? उत्तर आलं, 'आम्ही नैतिक स्रोतांशी बांधील आहोत', सोबत दहा टक्क्यांचं कूपन. पुन्हा विचारलं, पुरवठादार कोण, तपासणी कोण करतं? 'संबंधित टीम लवकरच संपर्क साधेल.' ती टीम बहुधा कोडरम्याहून पायी निघाली आहे.

'सस्टेनेबल', म्हणजे पर्यावरणपूरक, याबद्दल थोडक्यात. लिपस्टिकची रिफिल मिळते आणि नळी धातूची आहे, हे खरंच चांगलं. पण रिफिल आली ती बबलरॅपमध्ये. मूळ खोक्याच्या झाकणात लोहचुंबक चिकटवलेलं, त्यामुळे ते रद्दीवाल्याने बाजूला काढलं; आता त्यात सेफ्टी पिना राहतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मोघम हिरव्या दाव्यांसाठी नियमावली काढली आहे: शब्द वापरायचा तर पुरावा द्या. खोक्यावर क्यूआर कोड आहे खरा, पण तो उघडला की सेलचं पान येतं.

लिपस्टिकला साडेतीन तारे, दुसरी रिफिल मागवली आहे. हायलायटरला दीड, तोही खूप दिवस पुरतो म्हणून. तो संपेपर्यंत वापरेन, टाकून काय साधणार? पुढचा घेताना आधी यादीतलं अभ्रक बघेन. कूपन पडून आहे, कुणाला हवं असेल तर सांगा.