पावियाच्या मेन्सातला भात : ३० पैकी २४

इटलीत परीक्षेला ३० पैकी गुण देतात, १८ ला पास. त्याच मापाने मी तिथल्या पाविया शहरातल्या मेन्साचा पेपर तपासते आहे. मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ. शहरात एकाहून जास्त आहेत. मी कोणत्यात जेवायची ते सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी येणार आहेत.

आधी माझी पात्रता. मी साकोली तालुक्यातली, घरी धानाची शेती. लहानपणापासून दोन वेळा भात, त्यामुळे भाताच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नये. कॉलेजमधून एका सेमिस्टरसाठी देवाणघेवाणीत निवड झाली, तेव्हा अख्ख्या गावाला वाटलं मी रोमला चालले. पाविया मिलानच्या खाली, रेल्वेने साधारण अर्धा तास, आणि भंडाऱ्याहूनही लहान. विद्यापीठ मात्र १३६१ सालचं. आत व्होल्टाचा पुतळा आहे, विजेच्या मोजमापातला व्होल्ट ज्याच्या नावाचा तो. इथेच शिकवायचा.

मेन्सात ट्रे घ्यायचा आणि सरकवत पुढे जायचं. पहिला पदार्थ पास्ता किंवा भात, मग मांस, अंडं किंवा चीज, बाजूला भाजी, पाव, फळ. काउंटरमागच्या बाई प्रत्येकाला ‘दिम्मी’ म्हणतात, म्हणजे ‘बोल’. पहिल्या दिवशी मी काहीच बोलले नाही, नुसतं पिवळ्या भाताकडे बोट दाखवलं. केशर दिसलं म्हणून मला वाटलं साखरभात असेल. घास घेतला तर खारट, चीजचा वास, आणि दाताखाली कणी! आमच्याकडे अशी कणी राहिली तर गंज परत चुलीवर जातो आणि करणारीला दोन शब्द ऐकावे लागतात. मी बाजूच्या टेबलांकडे बघितलं. सगळे मन लावून खात होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना सवय झाली असेल.

तीन आठवड्यांनी कळलं की ती कणी मुद्दाम ठेवतात. हा रिसोत्तो. तांदूळ धुवायचा नाही, कारण वरचं पीठच रस्सा घट्ट करतं. आधी लोण्यात कोरडा परतायचा, मग उकळतं सूप पळी-पळीने घालत ढवळत राहायचं. सतरा-अठरा मिनिटांत उतरवायचा आणि शेवटी लोणी आणि पार्मेझान फेटायचं. बाहेरून पातळसर, आत दाणा ताठ. तांदूळही त्यासाठीच निवडलेला, कार्नारोली, १९४५ सालचं वाण. आपल्या चिन्नोरसारखा सुवास त्याला नाही. त्याचा गुण वेगळा, शिजतो पण मोडत नाही.

आता तक्रार. पळी-पळीने घालायचा पदार्थ शेकडो पोरांसाठी करायचा म्हटल्यावर जे व्हायचं तेच होतं. सव्वाबाराला जाल तर रिसोत्तो हलतो, ताट वाकडं केलं की पसरतो. पावणेदोनला त्याच परातीतला भात चमच्याला चिकटून बसतो, इतका की पळी उभी राहावी. तेव्हा कणीही गेलेली आणि रस्साही गेलेला. माझा मंगळवारचा तास दीडला सुटायचा, म्हणून मंगळवारी मी पास्ता घ्यायची. तोही तोवर गार झालेला असायचा.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भात दिसायला शाकाहारी असला तरी सूप मांसाचं असू शकतं. ‘ब्रोदो वेजेताले?’ एवढं विचारायचं. बाई आत जाऊन विचारून येतात, चिडत नाहीत. आईला वेगळीच काळजी होती, म्हणून ‘मान्झो’ म्हणजे गाय-बैलाचं आणि ‘वितेल्लो’ म्हणजे वासराचं हे दोन शब्द मी विमानातच पाठ केले होते. भाज्या उकडलेल्या, तिखटाचं नाव नाही. पिझ्झा ठीक. रविवारी बंद, आणि त्या दिवशी खोलीवर कुकर लावायचा. तोही मी घरून नेला होता. विमानतळावर त्याची शिट्टी तीनदा तपासली.

आमच्या मेन्सात भिंतीवर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायकांची रांग, डोक्यावर मोठ्या टोप्या. मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला.

‘कोनाची बांधी व हे?’ ती म्हणाली. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं खाचर.

त्या बायकांना तिकडे ‘मोन्दीने’ म्हणत, धानातलं गवत काढायला लांबून गाड्या भरून येणाऱ्या बायका. पैशांसोबत रोजीत तांदूळही मिळायचा, हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, ‘आमालेबी पयले पायलीनंच देत.’ तिकडच्याच वेर्चेल्ली भागातल्या अशा बायकांनी १९०६ मध्ये लढून आठ तासांचा दिवस मिळवला, तेही सांगितलं. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने भाजी कोणती होती ते विचारलं.

त्या फोटोमुळे मी मे महिन्यात एका शनिवारी मोर्ताराची गाडी पकडली. गावं मागे पडली आणि दोन्हीकडे बांध्याच बांध्या, पाण्याने भरलेल्या, वर पांढरे बगळे. मला क्षणभर लाखनीची बस आठवली. बाबूजींना फोन लावला.

‘रोवनी कवा हाय त्यायची?’

‘रोवणी नाही करत बाबूजी. मशीनने बी फेकतात.’

‘म्हंजे आवत्या! आवत्या पाहाले एवढ्या दूर गेली तू?’

मी कालव्यांचं सांगितलं, तिकडचा मोठा कावूर कालवा १८६६ मध्ये पूर्ण झाला ते सांगितलं. बाबूजींनी एकच विचारलं, ‘शेवटच्या बांधीले पानी पोचते का?’ आमची बांधी मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, शेपटाला आहे, त्यामुळे त्यांना दुसरं काही सुचत नाही. मला उत्तर देता आलं नाही. गाडीतून शेवटची बांधी दिसत नव्हती.

तर गुण. पोट भरतं, आणि बाहेरच्या हॉटेलात जे मिळतं त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. पूर्ण पदवीला आलेल्यांचा दर घरच्या उत्पन्नावर ठरतो आणि त्यासाठी आपल्याकडचे दाखले इटालियनमध्ये भाषांतर करून, शिक्के मारून द्यावे लागतात. माझ्या खोलीतली केरळची मुलगी त्या कागदांत हिवाळाभर अडकली होती. हे आधीच, घरून निघण्यापूर्वी उरका. दीडनंतरच्या भाताचे चार गुण कापले. रविवारचा एक आणि भाजीत मीठ नसल्याचा एक. उरले २४. इटलीत गुण पटले नाहीत तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. मेन्सालाही ती मुभा आहे.

पाविया सोडताना बाजारातून दोन वस्तू घेतल्या. एक किलो कार्नारोली आणि चिचेर्किया नावाच्या कडधान्याचं पाकीट. पाकीट उघडलं तर आपली लाखोळी! धान कापायच्या आधी आम्ही बांधीत फेकतो तीच. तिथे ती छान छापील पाकिटात विकायला ठेवतात.

घरी पोचले तेव्हा रोवणी सुरू होती. बाबूजींनी तांदूळ तळहातावर घेतला, एक दाणा चावला. ‘दाना जाडा हाय. वास नाही.’ आईने माझं काही न ऐकता तो दोनदा धुतला आणि कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. झाकण काढलं तेव्हा आत एकच गोळा होता.

‘याची पेज बरी होईन,’ आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी रोवणीवाल्या बायकांना तीच दिली, कैरीच्या लोणच्यासोबत.