तारे कुणी दिले आणि केव्हा दिले

नाव कधी न ऐकलेली कंपनी आणि पैसे मात्र आगाऊ भरायचे, असा प्रसंग आला की बहुतेक जण रेटिंगच्या साइट्स उघडतात. तारे काय सांगतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो एकाच कंपनीला एका साइटवर ४.८ आणि दुसरीवर ३.४ दिसतात तेव्हा. अशा वेळी कुणाचं ऐकायचं?

या साइट्स ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक खुल्या. २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ट्रस्टपायलट हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. तिथे कुणीही खातं उघडून कुठल्याही कंपनीबद्दल लिहू शकतो. दुसऱ्या बंदिस्त, ब्रिटनच्या फीफोसारख्या. विक्रीची नोंद कंपनीकडून साइटकडे जाते आणि ज्याने खरेदी केली त्यालाच रिव्ह्यूची लिंक मिळते.

कागदावर बंदिस्त साइटच सरस ठरते. लिहिणारा खरा ग्राहक आहे याची खात्री ही काही लहान गोष्ट नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या रेस्टॉरंट्सचा अभ्यास केला, तेव्हा येल्प या रेटिंगच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. एका ताऱ्यात एवढा पैसा असेल तर तारे विकत घेणारे आणि विकणारे दोघंही असणारच. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, तो उगाच नाही.

तरीही माझा कल खुल्या साइटकडे आहे, आणि त्याला कारण बंदिस्त साइटची एकच खोड: विचारण्याची वेळ.

मी वेबसाइटसाठी होस्टिंग घेतलं तेव्हा पैसे कापल्याचा मेसेज आणि ‘आमची सेवा कशी वाटली?’ ही मेल जवळजवळ बरोबरच आली. साइट अजून चढवलीही नव्हती. सांगणार काय? फॉर्म सोपा होता, पेमेंट एका दमात झालं. बंदिस्त साइटवर त्या कंपनीचे रिव्ह्यू पाहिले तर पानंच्या पानं हेच: ‘खरेदी सोपी’, ‘झटपट काम’. सगळे खरे ग्राहक, सगळे खरं बोलणारे. पुढे सवलतीचं पहिलं वर्ष संपलं, रिन्यूअलचं बिल भलतंच फुगून आलं, सपोर्टला लिहिलं तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, नुसती पडून राहिली. तेव्हा मात्र ‘कशी वाटली?’ असं विचारायला कुणी आलं नाही, आणि रिव्ह्यूची जुनी लिंक केव्हाच बंद झालेली होती. खुल्या साइटवर त्याच कंपनीच्या पानावर रिन्यूअल आणि तिकीट हे दोन शब्द जागोजागी सापडत होते. ३.४ चा तो आकडा तिथला.

नव्या घराबद्दल वास्तुशांतीच्या दिवशी विचारलं तर सगळे छानच म्हणणार. गळतंय का ते पावसाळ्यात कळतं. कंपनीचंही तसंच आहे. ती पैसे घेताना कशी वागते यावरून तिची पत ठरत नसते. पैसे परत मागताना ती कशी वागते, यावरून ठरते.

ही माझी एकट्याची कुरकुर नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, नोव्हेंबर २०२४ मध्ये साइटजॅबर या रिव्ह्यूच्या साइटवर कारवाई केली, तिचा मुद्दा हाच होता: माल हातात पडण्याआधी, खरेदीच्या क्षणीच घेतलेली मतं रेटिंगमध्ये धरली जात होती आणि त्यामुळे आकडे फुगत होते, असा आयोगाचा आक्षेप होता.

खुल्या साइट्स म्हणजे स्वच्छ गंगा, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रतिस्पर्धी लिहितात, चिडलेले लोक तीन-तीन खात्यांवरून लिहितात, आणि निमंत्रणं पाठवून कौतुक गोळा करण्याची युक्ती कंपन्या इथेही वापरतात. रिव्ह्यूबद्दल तक्रार नोंदवण्याची सोय कंपनीला असते, म्हणून एखादं टोकदार मत काही दिवसांनी दिसेनासं झालं तर नवल नाही. पण ट्रस्टपायलटवर रिव्ह्यू निमंत्रणाने आला असेल तर तसा शिक्का दिसतो. गुण काढताना नव्या मतांना जास्त वजन असतं, आणि सुरुवातीला ३.५ ताऱ्यांची सात मतं आधीच आहेत असं धरतात. त्यामुळे पाच ताऱ्यांचं एकच मत मिळालेली कंपनी लगेच ५ वर जात नाही, ३.७ च्या आसपास थांबते. हे मला आवडतं.

(कंपन्यांना श्रेणी देणाऱ्या अमेरिकेतल्या बेटर बिझनेस ब्युरो या संस्थेची ए प्लस ते एफ ही श्रेणी पाहून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. त्या श्रेणीत ग्राहकांचे रिव्ह्यू धरलेच जात नाहीत. तिथे तक्रारी वाचाव्यात, अक्षर सोडून द्यावं.)

एकदाच घ्यायची वस्तू असेल, म्हणजे पुस्तक, बूट, केबल, तर बंदिस्त साइट पुरेशी आहे, कदाचित जास्त सोयीचीही. माल आला, बरा निघाला, विषय संपला. होस्टिंग, विमा, सबस्क्रिप्शन, प्रवासाचं आगाऊ बुकिंग, म्हणजे जिथे कंपनीशी पुन्हा गाठ पडणार आहे, तिथे मी खुली साइट उघडतो आणि सरासरीकडे फारसं बघत नाही. निमंत्रणाचा शिक्का असलेले रिव्ह्यू वगळतो, दोन आणि तीन ताऱ्यांचे आधी वाचतो. एक तारा देणारा बहुधा रागात असतो. दोन-तीनवाला हिशेब मांडतो. मग ‘रिफंड’ किंवा ‘कॅन्सल’ शब्द टाकून शोधतो आणि कंपनीने खाली काय उत्तर दिलंय ते बघतो. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया मेल करा’ हेच वाक्य प्रत्येकाखाली चिकटवलेलं असेल तर मी टॅब बंद करतो. ग्राहकाच्या अडचणीचं नेमकं उत्तर असेल, त्यात थोडी हुज्जत घातलेली असली तरी, अशा ३.९ वाल्या कंपनीला मी ४.८ वालीच्या आधी पैसे देईन.