केबलचं शिसं

उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकणाऱ्यांना हे नवीन नाही: तिथं मासे कमी हाती लागतात आणि गळ बुडावा म्हणून दोऱ्याला लावलेली वजनं जास्त जातात. पाण्याखाली खोडं, जुनी कुंपणं. एका रविवारी माझी सहा-सात शिशाची वजनं सहज तळाला राहायची. सारखं विकत घेण्याचा वैताग आला म्हणून घरीच ओतायची ठरवली. त्यात नऊ हजार चारशे रुपये बुडाले, आणि पैसे बुडाले हे त्यातलं सगळ्यात कमी वाईट.

भिगवणला भेटणाऱ्या एका ओळखीच्यानं नंबर दिला. पुण्याच्या पूर्वेला पत्र्याची शेड, बाहेर भंगार, आत एक गोडबोल्या माणूस. "केबलचं शिसं आहे साहेब, जुन्या टेलिफोन केबलच्या आवरणाचं. याच्याइतकं मऊ पुण्यात मिळणार नाही." केबलचं शिसं मऊ असतं हे खरं, आणि आपल्याला मऊच लागतं. दोऱ्यावर पकडीनं दाबून बसवायच्या बारीक गोळ्या कडक शिशाच्या केल्या तर त्या मिटत नाहीत, उलट दोराच कापतात.

वरची वीट त्यानं माझ्या हातात दिली. नखानं ओरखडा काढला, लख्ख चमकला. कागदावर घासली, पेन्सिलीसारखी रेघ उठली. या परीक्षा मी घरून वाचून गेलो होतो, त्यामुळे स्वतःवरच खूश झालो. बाकीच्या विटा त्यानंच गोणीत भरल्या, त्यानंच काट्यावर ठेवल्या. वीस किलो, किलोला अडीचशे. वर वजनं ओतायचा ॲल्युमिनियमचा साचा, अठराशेला.

घरी गोणी उघडली तर सारख्या मापाच्या विटांत काही हलक्या लागल्या. आतून पोकळ असतील, अशी मीच माझी समजूत घातली. त्या जस्ताच्या होत्या हे नंतर कळलं. शिशाची घनता घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम आणि जस्ताची 7.14. म्हणजे शिशाची दोन किलो भरणारी वीट जस्ताची असेल तर सव्वा किलोच्या आसपास भरते. एकेक वीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली असती तरी त्याच रात्री निकाल लागला असता.

गच्चीत शेगडी मांडली, बिडाची कढई, तोंडाला मास्क, हातात जाड मोजे. (कढईजवळ पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही, वितळलेलं शिसं अंगावर उडतं. बायकोनं ही कढई घरात परत आणायची नाही असं बजावलं, ते योग्यच होतं.) शिसं 327 अंशाला वितळतं. पहिली वीट छान विरघळली. दुसरी मात्र त्याच्यावर लोण्याच्या गोळ्यासारखी तरंगत राहिली. मी फोन केला. "आच कमी पडतेय साहेब, वाढवा."

वाढवली, आणि माझ्याच हातानं सगळा माल नासवला. जस्त 419 अंशाला वितळतं. त्याच्या खाली आच ठेवली तर ते वर तरंगतं, झाऱ्यानं काढून टाकता येतं. एकदा वितळून शिशात गेलं की घरच्या घरी वेगळं करणं जवळपास अशक्य. नंतर कढईत जे उरलं ते गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखं होतं. साच्यात अर्धवट भरायचं, अंगावर सुरकुत्या. 30 ग्रॅमचं वजन भरायचं 21 ग्रॅम.

पुन्हा फोन. साचा तापवून घ्या. साच्याला मेणबत्तीची काजळी धरा. कढईत मेण टाकून ढवळा, मळी वर येते. यातला प्रत्येक सल्ला खरा आहे, ओतकाम करणारे हेच करतात. त्याची खरी हुशारी इथंच होती. मी नवशिका, म्हणजे चूक माझ्याच हाताची, असं तीन आठवडे तो मला पटवत राहिला आणि मला पटत राहिलं. शेवटी म्हणाला, साचाच बदला, 'बुलेट' आकाराचा घ्या, त्यात धातू चांगला उतरतो. सव्वीसशे रुपये.

खालच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या फाउंड्रीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांनी उरलेल्या दोन विटा पान्यानं ठोकल्या. एक 'थप्' वाजली, दुसरी 'टण्ण'. मग संडास साफ करायच्या ॲसिडचा एकेक थेंब टाकला. थपवाली गप्प, टणवाली फसफसली. "जस्ताच्या तोट्या नि दाराच्या मुठी वितळवल्यात रे. हे कसलं केबलचं शिसं!" जस्त काही शिशापेक्षा स्वस्त नसतं, मग असं का केलं, मी विचारलं. काका म्हणाले, मिसळलेलं भंगार निवडत बसायला मजुरी लागते. ती त्यानं वाचवली आणि भाव मात्र निवडलेल्या मालाचा लावला.

विक्रेत्याचं उत्तर एवढंच: "माल नेताना बघून घेतला होता ना साहेब?" त्यानंतर फोन लागलाच नाही.

हे लिहायचं खरं कारण मात्र दुसरा साचा. गळाच्या वजनांत बुलेट नावाचा आकार खरोखर असतो, टोकदार, आणि दोरा ओवायला मधून आरपार भोक. भोकासाठी साच्यात सळई बसते. काकांनी साचा उलटापालटा करून पाहिला. सळई नाही, सळईची खाचही नाही. उलट आतल्या भिंतीला गोल गोल तीन कडी. वजनाला अशा कड्यांचं काही काम नाही. बंदुकीच्या शिशाच्या गोळीला वंगण धरायला खाचा लागतात, त्या अशा कड्यांनी पडतात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांची पुतणी वकील आहे. तिनं सांगितलं की 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो बनवायची यंत्रसामग्रीही येते, आणि हा साचा त्यात धरला जाऊ शकतो. घरात एक रात्रही ठेवू नका. त्याच संध्याकाळी लेखी अर्जासह मी तो पोलिसांकडे जमा केला. विटांचं भंगार अजून गच्चीत गोणीत बांधून आहे. तो कोपरा ओल्या फडक्यानं तीनदा पुसून घेतला, कारण संध्याकाळी सोसायटीची पोरं तिथंच खेळतात.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, कुणाकडून घेतला? बिल नव्हतं. पुरं नावही माहीत नव्हतं. मोबाइल काढून दाखवला, त्यात मीच सेव्ह केलेलं होतं: 'शिसंवाले'.