उजवी चकमक, डावा खांदा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

नेमबाजीच्या रेंजवरून घरी आलो की आधी चष्मा पुसतो. डावं भिंग जवळपास स्वच्छ असतं, उजव्यावर मात्र करड्या काजळीची बारीक रांगोळी. डावऱ्या माणसाने उजव्या हाताची फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीची बंदूक, चालवली तर काय होतं, याचं अर्धं उत्तर त्या भिंगावरच आहे. उरलेलं अर्धं माझ्या जॅकेटच्या उजव्या बाहीवर, त्याकडे येतोच.

मी मूळचा कुडाळजवळचा, आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात. आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं नि माकडांसाठी वर्षभर घरात, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. मी हात लावायला गेलो की ते म्हणायचे, "तू डावरो, तुका ह्यां जमाचां नाय." ती टोपीची होती, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर पडला की बार. चकमकीच्या बंदुकीत टोपी नसते. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते, ती पोलादी झाकणावर घासते, झाकण पुढे उलटतं, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडतात आणि तो जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरतो. या बारीक दारूला आपल्या जुन्या तोफखान्यात 'रंजक' म्हणत. आज रंजक म्हटलं की मनोरंजन आठवतं, पण मला इथे इंग्रजीपेक्षा हाच शब्द सोयीचा वाटतो. बंदूक हातात घेतल्यापासून मी रंजक, कान, गज (नळीत घालायची सळई) असंच बोलतो, आणि बायको हसते.

उजवीच का घेतली? या राज्यात १९७४ पासून फक्त फ्लिंटलॉकसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम आहे, तो नाताळनंतर असतो. त्यामुळे जुन्या फ्लिंटलॉक भरपूर विकायला येतात, आणि मी पाहिल्या त्या सगळ्या उजव्या. डावी हवी तर नवी मागवा आणि सहा महिने थांबा, असं दुकानदाराने सांगितलं. मला शिकार करायची नाही, कागदावर भोकं पाडायची आहेत. तेव्हा मार्चमध्ये इटलीत बनलेली, अर्ध्या इंची नळीची, दोन चापांची एक वापरलेली बंदूक घेऊन मोकळा झालो.

अडचण कुठे आहे ते नीट समजून घ्या. ठिणगी पाडणारं यंत्र बंदुकीच्या उजव्या अंगाला. उजवा माणूस गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, म्हणजे मध्ये लाकूड आणि लोखंड, पलीकडे आग. माझा गाल उजव्या बाजूला, आणि आगही उजव्या बाजूला. मधे आडोसा काही नाही. वाटी नाकापासून फार तर दीड वीत.

"डोळे जातील" हे मला पाच जणांनी तरी ऐकवलं. डोळे शाबूत आहेत. कानातून येणारी झोत आडवी, सरळ उजवीकडे जाते. वाटीतला भडका वर जातो. तोंडाकडे येतात ते धुराचे आणि जळक्या दारूचे कण, तेही बहुतेक उजव्या डोळ्याच्या बाजूला. रेंजचा संरक्षक चष्मा नसेल तर मात्र बंदूक उचलूच नका. यात घासाघीस नाही.

खरा त्रास भीतीचा. घोडा नजरेसमोर पडताना दिसतो, मग भडका दिसतो, आणि त्यानंतर क्षणभराने गोळी सुटते. तेवढ्या क्षणात पापणी मिटते, खांदा आखडतो, नळी खाली जाते. पहिल्या दीड महिन्यात ५० यार्डांवर माझ्या पाच गोळ्या भाकरीएवढ्या जागेत पसरायच्या, आणि भाकरीसुद्धा लक्ष्याच्या खाली. उपाय कंटाळवाणा निघाला. गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवायचा, बंदूक पूर्ण रिकामी आहे हे गज घालून तपासायचं, आणि तळघरात रोज रात्री वीस वेळा घोडा पाडायचा. पंधरा दिवसांनी रेंजवर नळी रिकामी ठेवून फक्त रंजक पेटवायचं. भडका दिसल्यावरही माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) मधल्या ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. जूनमध्ये पापणी थांबली. आता भाकरीची पुरी झालीय, तीही टम्म फुगलेली नव्हे.

आता बाही. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं, म्हणून जरा लांबवतो. डावरा माणूस उजव्या हाताने बंदुकीला पुढून आधार देतो. म्हणजे उजवा हात बरोबर त्या आडव्या झोतीच्या वाटेवर. एप्रिलच्या गारठ्यात मी नायलॉनचं पातळ जॅकेट घालून गेलो, आणि तीन बारांत बाहीला सुईने टोचल्यासारखी भोकं. एक ठिणगी आत मनगटाच्या वर चिकटली, तिचा डाग अजून आहे. तेव्हापासून जाड सुती कॅनव्हासचा शर्ट, पूर्ण बाहीचा, बटण लावून. कृत्रिम कापड अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. वाटीच्या बाजूने स्क्रूने बसणारी पितळी ढाल मिळते, ती लावल्यावर झोत वर वळते. बाही वाचली, पण डोळ्यांसमोर धूर वाढला. म्हणून ती मी उजवीकडे कुणी उभं असेल तेव्हाच लावतो, नाहीतर रांगेत उजव्या टोकाची जागा पकडतो.

वाऱ्याचंही तसंच. डावीकडून वारा असेल तर दिवस आपला. उजवीकडून किंवा समोरून असेल तर काजळी थेट तोंडावर.

रंजक किती घालायचं यातही डावऱ्याचा फायदा-तोटा आहे. सुरुवातीला मी वाटी काठोकाठ भरायचो, दिवाळीच्या अनारासारखी. अर्ध्याहून कमी भरा, आणि कानाचं भोक झाकू नका. भोक दारूने बुजलं तर ती वातीसारखी सरकत जळते आणि बार उशिरा निघतो. कमी रंजक म्हणजे छोटा भडका, आणि बार उलट चटकन. माझ्या तक्रारींपैकी निम्म्या या एका सवयीने मिटल्या.

भरण्यात डावं-उजवं काही नाही. ०.४९० इंची गोळी, तिच्याभोवती ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी, ६० ग्रेन म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम दारू, मापातून ओतलेली, दारू ठेवायच्या शिंगातून थेट कधीच नाही. गारगोटी चामड्यात गुंडाळून बसवायची. इंग्लंडच्या ब्रँडनची काळी गारगोटी माझ्याकडे साधारण तीस बार टिकते. आणि त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची. घरभर सडक्या अंड्यांचा वास येतो, त्याला इलाज नाही.

दस्त्याची मात्र कुरकुर करतोच. गालासाठी कोरलेला उंचवटा डाव्या अंगाला, माझ्या काहीच उपयोगाचा नाही. उजव्या अंगाला चिंध्या ठेवायची पितळी झाकणाची पेटी. अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टरच्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी या घाटाची लांब बंदूक घडवली, २०१४ मध्ये तिला राज्याची अधिकृत बंदूक म्हणून मानही मिळाला, पण डावऱ्याच्या गालाचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. जानेवारीत ते पितळ गालाला बर्फासारखं लागतं. एकदा बिजागरीत मिशीचा केस अडकला. आता त्यावर पातळ चामड्याची पट्टी बांधतो.

एक गोष्ट मात्र उजव्या हाताच्या मित्रांना हेवा वाटण्यासारखी. सगळं यंत्र माझ्या डोळ्यांखाली असतं. घोडा अर्धा ओढलेला आहे की पूर्ण, झाकण बसलंय का, गारगोटीची धार गेली का, हे त्यांना बंदूक कलती करून बघावं लागतं. माझा डावा अंगठा दस्त्यावरून वळून आपोआप घोड्याजवळ येतो. फुसका बार झाला तर रंजक पेटलं की ठिणगीच पडली नाही, हे मला तत्क्षणी कळतं. तरी नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर थांबायचं, ते कुणालाच चुकत नाही.

घ्यावी का? आधी डोळा तपासा. हात लांब करून दोन्ही डोळे उघडे ठेवून बोटाने खांब झाका, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला बोट खांबावरच दिसतं, तो प्रबळ. डावऱ्याचा उजवा डोळा प्रबळ असेल तर सरळ उजव्या खांद्यावरून शिका, कटकट नको. डावा असेल आणि स्वस्तात उजवी मिळत असेल तर खुशाल घ्या. आयुष्यातली पहिलीच बंदूक असेल तर मात्र डावीसाठी सहा महिने थांबा. पापणीची सवय एकदा लागली की सोडवायला फार वेळ जातो.

गेल्या महिन्यात रेंजवर एकाची डावी फ्लिंटलॉक हातात आली. पाच बार काढले. चष्मा स्वच्छ, बाही स्वच्छ, गालाला लाकूड उबदार. पण वाटी पलीकडच्या अंगाला, दिसेना. दर वेळी बंदूक कलती करून बघत होतो. चौथ्या बाराला झाकण उघडंच राहिलं आणि सगळं रंजक बुटावर सांडलं.