पिना बदलायचे पैसे घेतले आणि पिना काढून नेल्या: कुलपांच्या रीकीत गेलेले ९,३०० रुपये

घराच्या जुन्या मालकांनी विजेच्या बिलांची फाइल पाठवली, त्यात एक राहून गेलेली चावी होती. टाकून देण्याआधी ती मुख्य दाराच्या लॅचला लावून पाहिली आणि ती सरळ फिरली. या लॅचची रीकी करून १९ दिवस झाले होते. रीकी म्हणजे कुलूप तेच ठेवून आतल्या पिना बदलणं, जेणेकरून जुन्या चाव्या निकामी होतात. त्याचेच पैसे आम्ही मोजले होते. म्हणजे ते १९ दिवस जुने मालक, त्यांचे आधीचे भाडेकरू, त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाई, ज्याच्याकडे म्हणून ती चावी असेल त्याला आमचं घर उघडं होतं.

नेटवर ‘चावीवाला’ शोधलं की एकाच नंबरची दहा नावं येतात, ‘२४९ रुपयांपासून’ असं लिहिलेलं असतं, माणूस दारात आला की आकडा वाढतो. हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि आम्हालाही माहीत होतं. फोनवरच भाव ठरवून घेतला होता: येण्याचे २४९, रीकीचे कुलपामागे ३५०. तीन कुलपं, म्हणजे १,२९९. मुख्य दाराचा नाइट लॅच, सेफ्टी डोअरचं मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप) आणि बाल्कनीच्या दाराचं मॉर्टिस.

प्रत्यक्ष हिशेब असा झाला. येणं २४९. रीकी ‘पिनेवर असते’ म्हणून पिनेला १८० रुपये: लॅचच्या ५, दोन्ही मॉर्टिसच्या सिलेंडरना, म्हणजे चावी जाते त्या भागांना, दोन्ही बाजूंनी चावी म्हणून प्रत्येकी १०, एकूण २५ पिना, ४,५०० रुपये. बाल्कनीचं कुलूप ‘आतून गेलंय’ म्हणून ड्रिलचे १,२००. त्याच्या जागी नवं सिलेंडर २,८००. जादा चार चाव्या १५० ने ६००. बेरीज ९,३४९, ‘ताई, ९,३०० द्या’. यूपीआयने दिले. बिल मागितलं तर पुठ्ठ्याच्या मागे आकडे लिहून दिले.

हिशेब पुन्हा वाचा. बाल्कनीचं सिलेंडर चावीवाल्याने ड्रिल करून फेकून दिलं आणि त्याच सिलेंडरच्या १० पिनांचे १,८०० रुपयेही लावले. हे आमच्या लक्षात रात्री आलं. खाली सामानाचा टेम्पो उभा होता, हमाल वेळेचे पैसे मागत होते, पाऊस होता, आणि त्या गडबडीत कुणीही बेरजेपेक्षा आधी दार बंद होतंय का तेच बघेल. तरीही हा भाग मनाला लागतो, कारण पिनेमागे भाव ऐकला तेव्हाच त्याला परत पाठवायला हवं होतं. रीकीत वेळ जातो तो सिलेंडर बाहेर काढून उघडण्यात. एकदा उघडल्यावर पिन बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि पिन म्हणजे पितळेचा दाणा. भाव नेहमी कुलपामागे किंवा सिलेंडरमागे ठरवायचा.

पण ज्या क्षणाबद्दल स्वतःचा सर्वांत जास्त राग येतो तो वेगळा आहे. त्याने लॅचचं सिलेंडर उघडलं आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर पिना आणि स्प्रिंगा सांडल्या. त्याच्या पिशवीत कानस, पक्कड, ड्रिल, कोऱ्या चाव्यांचा जुडगा एवढंच होतं. पिनांचा डबा नव्हता. आम्ही समोर उभे होतो. पिना बदलायला आलेल्या माणसाकडे पिनाच नाहीत, हे डोळ्यांनी दिसत होतं आणि आम्ही त्याला चहा विचारत होतो.

तिथे काय व्हायला हवं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या दारात कुणी बसला तर दोन मिनिटांत ओळखता येईल. सिलेंडरच्या आत फिरणारा एक गोल भाग असतो, त्याला प्लग म्हणतात. चावी त्यात जाते. प्लगला ओळीने पाच किंवा सहा भोकं असतात आणि प्रत्येक भोकात खाली एक पिन, वर दुसरी पिन, त्यावर स्प्रिंग. खालच्या पिना वेगवेगळ्या उंचीच्या असतात. बरोबर चावी गेली की सगळ्या खालच्या पिनांची टोकं प्लगच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि प्लग फिरतो. अमेरिकन कुलूपकार लायनस येल धाकट्यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेली हीच रचना आजही आपल्या दारांवर आहे.

रीकी करताना प्लगच्या मागची सर्क्लिप, म्हणजे त्याला धरून ठेवणारी कडी, काढायची, चावी घालून प्लग किंचित फिरवायचा आणि तो बाहेर ओढताना मागून त्याच जाडीची दांडी सरकवत न्यायची. ही दांडी लाकडी असली तरी चालते. तिच्यामुळे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागच्या जागी राहतात. मग जुन्या खालच्या पिना झटकून टाकायच्या, नवी चावी घालायची आणि डब्यातून एकेक पिन निवडून टाकायची. पिन वर उरली तर प्लग अडकतो. आखूड पडली तर वरची पिन खाली उतरते आणि तरीही अडकतो. सगळ्या सपाट बसल्यावर दांडी ढकलत प्लग परत आत. ज्याच्याकडे दांडी नाही त्याच्या पिना कागदावर सांडतात, आणि सांडल्या की ओळखा.

आमच्याकडे त्याने काय केलं ते नंतर दुसऱ्या, जुन्या चावीवाल्या काकांनी लॅच उघडून दाखवलं. पाचपैकी तीन भोकं पूर्ण रिकामी. खालची पिन नाही, वरची नाही, स्प्रिंगही नाही. उरलेल्या दोन पिना जुन्याच. नवी चावी त्या दोन ठिकाणी जुन्या चावीसारखी कापलेली, बाकी तीन ठिकाणी वाटेल तशी कानसलेली. म्हणून नवी चावी फिरते आणि जुनीही फिरते. सेफ्टी डोअरच्या सिलेंडरमध्ये बाहेरच्या बाजूला दोन पिना होत्या, आतल्या बाजूला एक. सहा उंचींच्या पिना धरल्या तर पाच पिनांचे ७,७७६ प्रकार होतात, दोन पिनांचे फक्त ३६. कुणाच्याही घरची तशाच खाचेची चावी आमच्या दाराला लागू शकली असती.

आणि त्याने काम संपायच्या आधी आमच्याकडच्या दोन्ही जुन्या चाव्या ‘मापाला लागतात’ म्हणून पिशवीत टाकल्या. रीकी झाली की एकच चाचणी असते: जुनी चावी घालायची, ती फिरता कामा नये. जुनी चावी हातातून सोडू नका, कुणी काहीही म्हटलं तरी सोडू नका. ही चाचणी दार उघडं ठेवून करा, दोन्ही बाजूंनी, आणि नवी चावीही दहा-दहा वेळा फिरवून बघा. चावी किंचित बाहेर ओढली तरी प्लग फिरत असेल तर आत पिना कमी असल्याचा संशय घ्या.

बाल्कनीच्या कुलपाचं दुःख वेगळंच आहे, कारण ते कुलूप बिघडलेलंच नव्हतं. जुलै महिना, लाकडी दार पावसाने फुगलेलं, वरची बिजागरी सैल. दार खाली उतरलं की बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या खोबणीला घासतो आणि चावी जड फिरते. दार उघडं ठेवून चावी फिरवायची: मोकळी फिरली तर कुलूप ठीक, दोष दाराचा. बिजागरीचे स्क्रू आवळायचे किंवा पट्टीची खोबण कानसने दोन मिलिमीटर वाढवायची, काम संपलं. त्याने दार बंद असतानाच चावी फिरवून दाखवली, ‘बघा, जाम आहे’ म्हणाला आणि ड्रिल लावलं. ड्रिल हा शेवटचा उपाय आहे. नुसता ओढून लागलेला लॅच चांगला कारागीर न फोडता उघडतो, आणि इथे तर चावी हातात होती, दार आपल्या बाजूने उघडत होतं. आल्या आल्या ड्रिल काढणारा माणूस कुलूप विकायला आलेला असतो.

त्याने बसवलेल्या २,८०० च्या सिलेंडरचं पाकीट आधीच फाडलेलं होतं. पाकिटावर तीन चाव्या छापलेल्या, आत दोन. तिसरी कुठे आहे हे आम्हाला आजही माहीत नाही. तेही सिलेंडर काढून टाकलं. तसंच सिलेंडर पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारात पक्क्या बिलासह ७८० रुपयांना मिळालं. सेफ्टी डोअर आणि बाल्कनी मिळून दोन घेतली, १,५६०. काकांनी लॅचच्या पाचही जागी पिना भरून नवीन चाव्या दिल्या, ६०० रुपये. संपूर्ण काम २,१६० रुपयांत आणि दीड तासात.

मॉर्टिसचं सिलेंडर बदलायला तर कुणाला बोलवायचीही गरज नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दाराच्या कडेला, जिथून बोल्ट बाहेर येतो त्या पट्टीवर, चावीच्या भोकाच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढायचा. चावी घालून थोडीशी, साधारण १० ते १५ अंश फिरवायची, म्हणजे मधली जीभ सिलेंडरच्या आकारात लपते, आणि हलक्या हाताने पुढेमागे करत सिलेंडर ओढायचं. निघत नसेल तर जोर लावू नका, चावीचा कोन बदला. माप त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्यायचं: ३०-३० मिलिमीटर म्हणजे ६० चं, ३५-३५ म्हणजे ७० चं. बाहेरच्या बाजूला सिलेंडर हँडलच्या पट्टीच्या पुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आलं तर पक्कड लावून मोडता येतं. मुख्य दाराला आतून नॉब असलेलं घ्या. दोन्हीकडे चावी असेल आणि कुणी आतून चावी तशीच ठेवून झोपलं, तर बरीच साधी सिलेंडरं बाहेरच्या चावीने उघडत नाहीत, आणि आग लागली तर आतल्या माणसाला अंधारात चावी शोधावी लागते.

डिंपल चावीच्या, म्हणजे चपट्या आणि खळगे असलेल्या चावीच्या कुलपाची रीकी रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून करून घेऊ नका. त्याच्याकडे त्या पिना बहुधा नसतात. सरळ सिलेंडर बदला. चावीवर छापलेला नंबर कुणाला दाखवू नका, त्यावरून नकल निघू शकते. कुलपात तेल घालू नका, धूळ चिकटते. ग्राफाइटची पूड घाला. लॅचला बाहेर पडताना चावी फिरवून लॉक करा, नुसतं ओढून लावलेलं दार प्लास्टिकच्या पट्टीने सरकवता येतं.

आता तक्रारीचं. चौकीत पहिला प्रश्न आला, ‘चोरी झाली का?’ नाही म्हटलं. ‘मग काय लिहायचं?’ आम्ही रिकामी भोकं असलेलं सिलेंडर टेबलावर ठेवलं, फोटो दाखवले, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं. ‘काम नीट झालं नाही, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.’ अनोळखी माणसाकडे आमच्या घराच्या चाव्या आहेत, पत्ता आहे, आत कोण राहतं हे त्याने पाहिलंय, ही दिवाणी बाब कशी? दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. तासभर उभं राहून शिक्का मिळवला. चौथ्या खेपेला एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपासही नाही. निघताना सल्ला मिळाला की काही चोरीला गेलं तर लगेच या.

बँकेने सांगितलं, यूपीआयचा पिन टाकून पैसे तुम्हीच पाठवलेत, व्यवहार अधिकृत आहे. ज्या ॲपवर नंबर सापडला तिथे तक्रार केली तर ‘आम्ही फक्त माहिती दाखवतो’ असं ठरावीक उत्तर आलं. पैसे गेलेल्या खात्याचं नाव आलेल्या माणसाचं नव्हतं, ॲपवर दिसणारंही नव्हतं. हे पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसतं. तिथे थांबा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि तोच आमच्याकडे नाही. म्हणून दारात आलेल्या माणसाच्या ओळखपत्राचा फोटो काम सुरू व्हायच्या आधी घ्या. द्यायला नकार दिला तर २४९ देऊन परत पाठवा. पुठ्ठ्यावरचा हिशेब, पाकीट, फोडलेलं सिलेंडर, काढलेल्या पिना, काहीच टाकू नका.

आमच्याकडचा पुठ्ठा, जुना प्लग आणि तो एनसीचा कागद एका डब्यात ठेवलाय. गेल्या आठवड्यात तोच नंबर पुन्हा शोधला. तो आता दुसऱ्या नावाने आहे, भाव तोच, २४९ रुपयांपासून.