कीलचे नट: पाण्यात आवळावेत, बोट वर काढून, की कीलच उतरवावी?

कील म्हणजे शिडाच्या बोटीच्या तळाला बोल्टांनी जोडलेला, तोल सांभाळणारा जड भाग. पंचवीस-तीस वर्षांच्या बोटीत बिल्ज (तळातली पाणी साचणारी जागा) कोरडं करून टॉर्क पाना (ठरलेला जोर गाठला की टक् करणारा) लावला आणि पहिलाच नट अर्धा फेरा सहज फिरला, की मन तीन ठिकाणी धावतं. आत्ताच सगळे आवळून टाकू, हंगाम संपल्यावर बोट वर काढू तेव्हा बघू, की कील उतरवून हलशी (बोटीच्या कवचाशी) असलेला तिचा सांधा नव्यानेच बसवू? हे एकाच दुखण्याचे तीन इलाज नाहीत. आधी दुखणं ओळखावं लागतं, आणि त्यासाठी पानाच बराच उपयोगी पडतो.

पाण्यात आवळण्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की कील खाली लटकलेली असते, त्यामुळे नट नीट बसत नाहीत. हिशेब करून बघा. दीड टनाची कील सात बोल्टांवर असेल, तर एकाच्या वाट्याला येतात सव्वादोनशे किलोसुद्धा नाहीत. 20 मिलिमीटरचा बोल्ट 200 न्यूटन-मीटरला आवळला, तर त्यात साधारण 5 टनांचा ताण येतो. (हा आकडा हिशेबापुरता. तुमच्या बोटीचा आकडा बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतूनच घ्या.) म्हणजे वजनाचा मुद्दा फारसा टिकत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: सांधा बाहेरून दिसत नाही, त्यात नवं सीलंट भरता येत नाही, आणि कुजका बोल्ट पान्याखाली तुटला तर तिथून पाणी आत येऊ शकतं. म्हणून पाण्यात फक्त तपासणी करावी. एका वेळी एकच नट, आणि तो पूर्ण काढायचा नाही.

बोट वर काढली की तिचा भार कीलवर येतो, फट मिटते आणि मुख्य म्हणजे सांधा डोळ्यांनी बघता येतो. बाजूचे टेकू तोल सांभाळायला हवेतच, पण हलची सगळी मदार त्यांच्यावर नको. पुढच्या टोकाला फट दिसते का, तिथून गंजाचे ओघळ येतात का, ते बघा. जुन्या कॅटालिना 30 बोटींमध्ये ही फट इतकी नेहमीची, की तिला ‘कॅटालिना स्माइल’ असं नावच पडलं. त्या बोटींच्या कीलवरच्या भागात प्लायवूड होतं. ते भिजून कुजलं की नट आवळताना दबत जातं; आज आकडा गाठला तरी काही दिवसांनी नट पुन्हा सैल. तिथे दोष बोल्टाचा नाही, कितीही आवळा.

आवळण्याची रीत ठरलेली आहे: मधल्या नटापासून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, आणि पूर्ण जोर दोन-तीन टप्प्यांत. पण खरी गडबड आट्यांमध्ये होते. पान्याला लावलेल्या जोरापैकी जवळजवळ 90 टक्के घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा वंगण लावलेल्या आट्यांवर वापरला, तर बोल्ट ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. उलट स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडंच फिरवलं, तर नट मधेच जाम होऊन बसतो. आणि आधीच गंजून चिकटलेला नट? पाना टक् करतो, आपण खूश होतो, नट मात्र जागचा हललेलाही नसतो. असा नट थोडा सैल करून, आटे साफ करूनच पुन्हा आवळावा. पातळ, वाकलेले वायसर दिसले तर त्याच वेळी जाड आणि रुंद पट्ट्या बसवून घ्याव्यात.

पाव-अर्ध्या फेऱ्यात आकडा गाठून नट थांबला, तर माझ्या मते बोट वर असताना आवळणं पुरेसं आहे. नट फिरतच राहिला आणि आकडा चढेनाच, तर तिथेच हात थांबवा. बोल्ट ताणला जातोय, आटे गेलेत किंवा खालचं फायबरग्लास दबतंय.

इथे तिसरा मार्ग येतो. स्टेनलेसला आपलं संरक्षक आवरण टिकवायला ऑक्सिजन लागतो. सांध्यात अडकलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही, म्हणून वर चकचकीत दिसणारा बोल्ट नेमका सांध्यापाशी मानेत खाल्लेला असू शकतो. ते पान्याला कळत नाही. अल्ट्रासाउंड तपासणीत अंदाज येतो, खात्री कील उतरवल्यावरच होते. कील बिडाची असेल आणि बोल्ट आट्यांनी बसवलेले असतील, तर ते काढून नवे घालता येतात. शिशाच्या कीलमध्ये बहुधा वाकड्या टोकाचे बोल्ट ओतकामातच पुरलेले असतात. ते निघत नाहीत, शेजारी नवी भोकं पाडावी लागतात. खर्चाचा अंदाज मागण्याआधी एवढं माहीत असू द्या.

बोट कधी जोरात तळाला आपटली असेल, तर नट बाजूला ठेवून आतली चौकट तपासा. धक्क्याने कीलचं मागचं टोक हलमध्ये वर घुसतं आणि पुढचं खाली ओढलं जातं. मे 2014 मध्ये चीकी राफिकी ही बोट अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चौघे गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने आधीच्या आपटण्या आणि दुरुस्त्यांमुळे कीलची जोडणी कमकुवत झाली असण्याची शक्यता नोंदवली.

कोणताही मार्ग घेतलात तरी शेवटी नट आणि वायसर दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढा. बोट पाण्यात गेल्यावर, थोडं शिडावर फिरवून आणल्यावर, रेघ तुटलेली दिसली तर पुन्हा पाना काढायचा.