पीक विम्याचा चुकलेला अंदाज: माहिती अधिकार की ग्राहक आयोग?

यवतमाळ, वाशीमसारख्या जिल्ह्यांत सोयाबीनची विमा भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांच्या (निवडक शेतांतील पीक कापून उत्पादन मोजण्याच्या) जोडीला उपग्रह-चित्रांवरून संगणकाने काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाचाही आधार घेतला जातो. तो अंदाज चुकल्याची शंका आल्यास दाद मागण्याचे माहिती अधिकार आणि ग्राहक आयोग हे दोन मार्ग तपासून पाहण्यासारखे आहेत.

माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून कृषी कार्यालयाकडे आपल्या महसूल मंडळाचे उंबरठा उत्पादन (ज्या पातळीखाली उत्पादन गेल्यास भरपाई मिळते ती पातळी) आणि कापणी प्रयोगांचे आकडे मागता येतात. उत्तर साधारणपणे 30 दिवसांत मिळायला हवे. अंदाज काढणाऱ्या संगणक प्रणालीची रचना मात्र व्यापारी गुपित म्हणून नाकारली जाऊ शकते, शिवाय या कायद्याने विम्याची भरपाई मिळत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 भरपाई मिळवून देऊ शकतो. राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि हप्त्याची रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. आकडे शासनाचे आहेत, असा बचाव विमा कंपनी करील. म्हणून कृषी विभागालाही विरुद्ध पक्ष करावे. पैसा शेतकऱ्याचा बुडतो, तेव्हा ‘संगणकाने ठरवले’ हे उत्तर कोणाकडूनही स्वीकारले जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. आधी माहिती मागवावी आणि तिच्या आधारे, मुदत टळण्यापूर्वी, आयोगात जावे.